राखून ठेवलेली बाटली

दारूवर मी काही लिहावे हे माझ्या घरात कोणालाच आवडणारे नाही. दिवाळी अंकात लिहावे हे तर मुळीच नाही. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या वाचकापुढे बाटली आणून ठेवणे हा शिष्टाचार नव्हे, एवढे मलाही कळते. पण गेल्या मार्गशीर्षात एका प्रश्नाने मला गाठले आणि त्याने अजून माझी पाठ सोडलेली नाही. तो वाचकांपुढे मांडावा आणि मोकळे व्हावे, एवढाच हेतू. मोकळा होईन की नाही, कोण जाणे.

मी सिंधुदुर्गातल्या एका गावी शाळेत चित्रकला शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो आणि शिक्षणाने मॅट्रिक आहे. मॅट्रिकच्या पुढे न जाण्याचे कारण आणि आजच्या विषयाचे कारण एकच. १९९४ साली, मी सोळा वर्षांचा असताना, माझे वडील दारूने गेले. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. काजूच्या दिवसांत हुर्राक आणि दिवस सरले की मिळेल ते, असा त्यांचा क्रम होता. संध्याकाळ झाली की ते पडवीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसायचे. आम्हां भावंडांना त्या वर्षांतली आठवते ती त्यांची पाठ. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने मला तुळशीपुढे उभे केले आणि एकच गोष्ट मागितली: थेंबसुद्धा तोंडाला लावायचा नाही. मी शब्द दिला. एकतीस वर्षे तो पाळला, आणि पाळताना फारसे कष्टही पडले नाहीत. कारण ज्या वस्तूने बापाची पाठ तेवढी दाखवली, तिचे आकर्षण वाटायला मन धजतच नव्हते.

वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आई त्यांना सीमेपलीकडे, म्हापशाला एका डॉक्टरांकडे नेत असे. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा. डॉक्टर तेव्हा चाळिशीच्या आतले होते; जातीने ख्रिस्ती, बोलायला कोंकणी, आणि पैशाच्या बाबतीत इतके विसराळू की त्यांची फी किती हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. वडील वाचले नाहीत, पण त्या घराशी आमचे जे नाते जुळले ते टिकले. आता डॉक्टर सत्तरीला आले आहेत. दवाखाना बंद केला, दोन वर्षांमागे पत्नी वारली, मुलगा इंग्लंडात स्थायिक आहे. १९६१च्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या दाराने गोव्यातली कितीतरी घरे रिकामी झाली, त्यांतलेच हे एक. मी महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी जातो. ते मला 'मास्तर' म्हणतात, मी त्यांना 'दोतोर' म्हणतो. माझी कादंबरी आली की ते देवनागरी अक्षरे लावून लावून वाचतात आणि शेवट आवडला नाही असे न चुकता सांगतात.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक मातकट काळी बाटली उभी होती. तिच्यावरचा कागद कसरीने केव्हाच फस्त केला होता. एका अंगाला मात्र चुन्याचा असावा तसा पांढरा पट्टा होता. बाटली वर्षानुवर्षे आडवी ठेवायची असते. ती कधी हलवली, तर पुन्हा ठेवताना कोणती बाजू वर होती हे कळावे म्हणून ही खूण करून ठेवतात.

"नाताळाला पोर येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी, म्हणतो. मी आता ही उघडणार."

बाटलीची कथा अशी. डॉक्टरांचा जन्म १९५५चा. त्यांचे वडील वकील होते आणि पोर्तुगीज अमदानीत बऱ्यापैकी सुखात होते. इंग्रज लोकांत जुनी चाल आहे, मूल जन्मले की त्या सालची पोर्ट तळघरात ठेवून द्यायची आणि ते एकवीस वर्षांचे झाले की उघडायची. ती या वकीलसाहेबांनी उचलली आणि लिस्बनहून बोटीने आलेल्या कोणा स्नेह्याकडून मुलाच्या जन्मसालच्या दोन बाटल्या मागवल्या. एकविसाव्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, डॉक्टर मुंबईला परीक्षेत गुंतले होते, तेव्हा राहिले. १९८४ साली त्यांच्या लग्नात एक बाटली उघडली. तिची आठवण निघाली की आजही त्यांचे डोळे मिटतात. दुसरी राखून ठेवली ती मुलाच्या लग्नासाठी. मुलाने लग्न परदेशात नोंदणी करून उरकले. मग नातवाच्या बारशासाठी. तेही तिकडेच झाले. मग लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी. तो यायच्या आधीच बाई गेल्या.

"मोठ्या प्रसंगाची वाट बघत राहिलो, मास्तर," ते म्हणाले. "आता आणखी थांबलो तर येणारा प्रसंग माझाच असणार."

ही पोर्ट म्हणजे काय, ते वाचकांना थोडे सांगितले पाहिजे, कारण गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन दुकानोदुकानी मिळते तिचा आणि हिचा नावापलीकडे संबंध नाही. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांचे डोंगर पाटीच्या दगडाचे आणि उभे चढाचे. ते फोडून, दगडांचे बांध रचून माणसांनी त्यांच्या पायऱ्या केल्या आहेत. आपल्या सह्याद्रीत वरकस जमीन लावायला घालतात तशा, पण नजर पोचेल तिथवर. तिथे वर्षाचे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिकडचीच म्हण आहे. १७५६ साली पोंबाल या पोर्तुगीज प्रधानाने या मुलुखाची हद्द ग्रॅनाइटचे खांब रोवून आखून दिली. त्याच्या आतली द्राक्षे तीच खरी. द्राक्षे दगडी हौदांत टाकायची आणि बायाबापड्यांनी नव्हे, पुरुषगड्यांनी खांद्याला खांदा लावून, मांडीभर रसात रात्री ताल धरून तुडवायची, ही जुनी रीत. काही मळ्यांत ती अजून आहे. रस आंबू लागतो, साखरेची दारू होऊ लागते; आणि ती अर्धीमुर्धी झाली असतानाच त्यात द्राक्षाचाच कडक अर्क ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. आंबणे तिथेच थांबते. उरलेली साखर तशीच राहते, म्हणून ती गोड; अर्क पडतो, म्हणून ती जहाल; आणि दोन्हींमुळे ती टिकाऊ.

यातली एक गंमत मला फार आवडली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या नदीकाठी राहत होता. त्याने १८४४ साली एक पुस्तिका छापून ओरड केली की शुद्ध वाइनमध्ये अर्क ओतणे ही शुद्ध भेसळ आहे. त्याच्या बाजूला सचोटी होती, विरुद्ध बाजूला गिऱ्हाइकाची जीभ होती. जीभ जिंकली. आज अर्क न घातलेल्या रसाला पोर्ट म्हणता येत नाही. फॉरेस्टर पुढे १८६१ साली त्याच नदीच्या धावत्या प्रवाहात होडी उलटून बुडाला. कालची भेसळ आजचा नियम होते, याचे इतके ढळढळीत उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि नीतीच्या गोष्टी करणाऱ्याने ते मनात बाळगावे, म्हणजे आवाज थोडा खाली राहतो.

सगळ्याच वर्षी व्हिंटेज पोर्ट होत नाही. दहा वर्षांत साधारण तीनदा तसे साल येते. पेढ्या ते जाहीर करतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रस न गाळता बाटलीत भरतात आणि पुढचे काम काळावर सोपवतात. ती बाटलीतच मुरते. 'मुरणे' हा आपला शब्द इथे चपखल बसतो. लिंबाचे लोणचे मुरते, मोरावळा मुरतो, नात्यातली माणसेही मुरतात. शार्ङ्गधरानेही आसवे जुनी होतील तशी गुणवान होतात असे म्हटले आहे. १९५५ हे असे जाहीर झालेले, नावाजलेले साल.

आणि इथेच माझ्या घशात काहीतरी अडकले. १९५५ म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला द्राक्षे आठवत नाहीत. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या नाक्यावर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नेलसिंग बेनीपाल तिथे पडला. आणखीही कितीजण पडले. त्यांचे स्मारक रस्त्यालगत आहे, आणि त्याच रस्त्याने मी तासाभरापूर्वी आलो होतो. त्यानंतर महिना-दीड महिन्याने दोरूच्या काठी ती द्राक्षे खुडली गेली असणार. तेच राज्य, तेच साल. हे मी डॉक्टरांना बोलून दाखवले. वाईट वाटेल असे वाटले होते, पण ते शांतपणे म्हणाले, "माझा जन्मही त्याच सालचा, मास्तर. मला तू भेटायला येतोसच की."

याला उत्तर नव्हते. सालाझारच्या राजवटीत दोरूच्या उतारावर राबणारा मजूर काही आमचा राज्यकर्ता नव्हता; तोही रात्रभर मांडीभर रसात उभाच होता. वस्तूला अपराध चिकटतो का, आणि चिकटला तर किती वर्षांनी निघतो, हा प्रश्न मी तसाच बाजूला ठेवला. बाजूला ठेवला एवढेच. सुटला असे म्हणत नाही.

बाटली उघडणे हा एक सोहळाच झाला. जुने बूच भुसभुशीत होते. अशा वेळी मानेला तापलेल्या सांडशीने धरायचे, मग ओले फडके लावायचे, की काच तडकून मान अलगद निघते, असे डॉक्टरांनी सांगितले. पण घरात तसली सांडशी नव्हती. त्यांनी मळसूत्र फिरवले. बूच अर्धे वर आले, अर्धे आत कोसळले. मग मलमलचे फडके काचेच्या सुरईवर धरण्याचे काम मजकडे आले आणि डॉक्टर बाटलीच्या मानेमागे देवघरातली मेणबत्ती लावून हळूहळू ओतू लागले. ज्योतीच्या उजेडात तळचा गाळ मानेशी येताना दिसला की थांबायचे. त्यांचा हात थरथरत होता. सत्तर वर्षांचा गाळ, पावसाळ्यानंतर विहिरीच्या तळाला बसतो तसला, फडक्यावर जमला.

मी रंग शिकवणारा माणूस. ताजी पोर्ट जांभळासारखी काळीभोर असते असे ऐकले होते. ही सुरईत उतरली ती जुन्या विटेच्या रंगाची, आणि कडेला तर नुसती कोऱ्या चहासारखी फिकट. जलरंगात असा रंग मिसळून मिळत नाही. तो कागद जुना झाल्यावरच येतो.

टेबलावर पेले दोन होते. डॉक्टरांनी एकात ओतले. दुसऱ्याजवळ हात थांबवला आणि सुरई खाली ठेवली. "तुझ्या बापाला सोड म्हणून सांगणारा मी," ते म्हणाले, "तुला घे म्हणणार नाही. पेला ठेवला तो रिवाज म्हणून."

वाचकहो, त्यांनी आग्रह केला असता तर मी सुटलो असतो. आग्रहाला नाही म्हणायची मला एकतीस वर्षांची सवय आहे. लग्नात, साहित्यसंमेलनाच्या मागच्या खोल्यांत, प्रकाशकांच्या घरी मी हसत हसत नाही म्हणत आलो, आणि खरे सांगायचे तर त्या नकाराचा मला थोडा अभिमानही आहे. पण इथे कोणी काही मागतच नव्हते. रिकामा पेला समोर होता आणि एक म्हातारा माणूस, ज्याने एक बाटली तीन पिढ्यांच्या आनंदासाठी राखली, तो ती एकटाच पिणार होता.

मनात दोन वकील उभे राहिले. एक म्हणाला, शब्द तो शब्द. ज्याला अपवाद असतो तो शब्द नव्हे, तो करार. आणि अपवाद कशासाठी, तर काचेच्या नक्षीदार पेल्यासाठी? बापाने करवंटीतून घेतली ती दारू, आणि ही संस्कृती काय? इथे मी खरोखरच शरमलो. कारण हे खरे होते. हुर्राक आणि फेणी ही काजूच्या बोंडाची, पोर्ट ही द्राक्षाची. दोन्हींत नशा करणारा पदार्थ तोच. गरिबाची दारू सरकारला खुपते, श्रीमंताची बाटली लिलावात मांडतात. 'एकच प्याला'तला सुधाकर उच्च वर्गातलाच होता हे आपण सोयीने विसरतो. आमच्याच धर्मात पाहावे तर मनूने सुरापान महापातकांत घातले आणि सौत्रामणी यागात सुरेचीच आहुती सांगितली आहे. कायद्याचेही तसेच: महाराष्ट्रात या घोटाला परवाना लागतो, पत्रादेवीच्या अलीकडे लागत नाही. नाक्यावर मोटारीची डिकी तपासतात, पोट तपासत नाहीत.

दुसरा वकील हळू बोलणारा होता. तो म्हणाला, आईने थेंब मागितला की आणखी काही मागितले? शपथ शब्दांत घेतली जाते; पण ती मागणाऱ्याला कशाची भीती वाटत होती ते शब्दांत मावलेले असतेच असे नाही. पुढे तो काय बोलला ते मी ऐकले नाही, कारण मला त्याचा संशय आला. मनुष्याला जे हवे असते त्याच्या बाजूचा वकील नेहमीच हळू आणि गोड बोलतो. शिवाय मी कादंबरीकार. या धंद्यातल्या माणसाला प्रत्येक गोष्ट चाखून पाहण्याची जी हाव असते, तिला तो सहानुभूती असे नाव देतो. त्या क्षणी माझ्यात करुणा किती आणि कुतूहल किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी पेला पुढे केला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि बोटभर ओतली.

चव सांगतो. आधी जीभ भाजली. वीस टक्के अर्क पहिल्यांदा घेणाऱ्याला तो भाजणारच. मग मनुकांचे पाणी, जुना मोरावळा, लाकडी पेटी उघडल्यावर येतो तो वास. आणि शेवटी एक आंबट, तुरट, पोकळ असे काहीतरी, जे गोडीच्या मागून येऊन गोडीलाच पुसून गेले. मला वाटले, असेच असेल. मी डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी घोट तोंडात धरला होता. बराच वेळ धरला. मग गिळला.

"उशीर झाला," ते म्हणाले. "वीस वर्षं उशीर."

दोष बाटलीचा नव्हता. असली वाइन थंड तळघरात सत्तर वर्षेही सुखाने जगते. इथे ती जिन्याखाली वाळूत पुरलेली असली तरी सत्तरहून थोडे कमी उन्हाळे तिने गोव्याचे काढले. १९८४ साली पहिली उघडली तेव्हा दुसरीही ऐन भरात होती. मुलगा परदेशी निघाला त्या संध्याकाळी उघडली असती तरी चालले असते, असे ते स्वतःच म्हणाले. "पण त्या दिवशी आम्ही रडत होतो. रडण्यासाठी कोण उघडतो?"

परतीच्या बसमध्ये मला माझ्या आजीचा शालू आठवत होता. तो तिने माझ्या लग्नासाठी म्हणून ट्रंकेत कापूर घालून जपला. स्वतः दोनदाच नेसली. माझ्या लग्नात तो काढला आणि घडी उलगडताच प्रत्येक घडीवर चिरत गेला. आजी त्याआधीच गेलेली. आम्ही त्याच्या जरीच्या पट्ट्या कापून देवाच्या मखराला लावल्या. आपल्या घरांत राखून ठेवणे हा मोठाच गुण मानतात, आणि ज्या पिढीने दुष्काळ पाहिले तिला तो शोभतो. पण राखणारा दर वेळी मनात एक तुलना करत असतो: आजचा दिवस या वस्तूच्या लायकीचा आहे का? आणि दर वेळी उत्तर येते, नाही. आजच्या दिवसाला इतक्यांदा नापास करणे हा काटकसरीचाच भाग आहे, की त्यात समोर बसलेल्या माणसांचा काही अवमानही आहे? १९९० साली किंवा २००० साली त्या टेबलावर बाई होत्या, मुलगा होता, शेजारी होते. ते सगळे एका न आलेल्या प्रसंगापुढे कमी ठरले. हे म्हणताना मला डॉक्टरांवर अन्याय करायचा नाही. सगळेच उघडून टाकणारी माणसेही मी पाहिली आहेत. माझ्या वडिलांनी उद्यासाठी कधीच काही राखले नाही. फार राखणारा आणि काहीच न राखणारा, दोघांच्याही घरी मी गेलो आहे, आणि कोणाच्या घरी राहायला आवडेल असे विचाराल तर मी वेळ मागून घेईन.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात झाले होते. आई माजघरात तांदूळ निवडत बसली होती. आता सत्तरीपुढची, नजर मंदावली आहे, पण खडा अजून बोटांना कळतो. लपवायचे असते तर सहज लपवता आले असते, वासही राहिला नव्हता. पण शब्द तिला दिला होता, तेव्हा मोडल्याचे तिलाच सांगणे भाग होते. मी समोर बसून सगळे सांगितले. बाटली, सालाची गोष्ट, मुलगा न येण्याची गोष्ट, दुसरा पेला, आणि मी घेतलेला बोटभर घोट.

तिची बोटे थांबली नाहीत. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "कशी लागली?"

"आधी गोड. मग काही नाही."

"बाटली संपली?"

"नाही. अर्धीच्या वर उरली. असली उघडली की एक-दोन दिवसांत पुरी उतरते म्हणतात."

आईने सूप खाली ठेवले. "म्हणजे आज रात्री तो एकटा बसून पिणार," ती म्हणाली. "आणि तू उठून आलास?"

शेवटची बस साडेसहाला सुटलेली होती. मी दुसरे सूप घेतले आणि तांदूळ निवडायला बसलो.